एका पुठ्ठ्यात दोन ऑक्टोपस

सुलेखाबाई पाथ्रीकरांना ऑक्टोपसची किळस होती. भीती नव्हे, किळस. भीती असती तर त्यांनी ती कधीच मोडून काढली असती. न्हाणीत साप निघाला तेव्हा चिमटा घेऊन त्याच पुढे झाल्या होत्या, घरातले पुरुष ओट्यावर चढून उभे होते. पण ऑक्टोपसचं नुसतं चित्र समोर आलं तरी त्यांच्या जिभेच्या मुळाशी पाणी सुटायचं आणि हात आपोआप पदराला पुसला जायचा.

ज्या गावात नळाला आठ-आठ दिवसांनी पाणी येतं, त्या गावातल्या बाहत्तर वर्षांच्या बाईला समुद्राच्या तळाशी राहणाऱ्या जनावराची किळस यावी, याचं कुणालाही हसू येईल. त्याला कारण होतं. लग्नानंतर पहिल्याच वर्षी त्या नवऱ्याबरोबर कोकणात गेल्या होत्या. हर्णैच्या बंदरावर एका कोळणीच्या टोपलीत राखाडी, गुलबट, निथळता गोळा पडलेला होता. "हात लाव बाय, चावत नाय," असं म्हणून त्या बाईने तो सरळ सुलेखाबाईंच्या मनगटावर ठेवला. तो धरून बसला. सोडवताना त्याच्या हातांवरची एकेक वाटी सुटल्याचा आवाज येत होता, कुणीतरी ओल्या ओठांनी मटामट खात असल्यासारखा. बांगड्यांच्या खाली गोल गोल लाल ठसे उमटले. पाथ्रीकर पोट धरून हसले. सुलेखाबाईंनी राखेने, मग साबणाने, मग पुन्हा राखेने हात घासला, आणि तीन दिवस त्या हाताने घास तोंडात घातला नाही.

तेव्हापासून पुस्तकात कुठेही तो दिसला की त्या पान उलटायच्या. पूर्वी ते सोपं होतं. त्यांच्या लहानपणी, गाव औरंगाबाद होतं आणि गुलमंडीवरून चालत घरी येता यायचं तेव्हा, थोरला भाऊ भाड्याच्या लायब्ररीतून रहस्यकथा आणून उशीखाली लपवायचा. त्यांच्या मुखपृष्ठांवरचा ऑक्टोपस ठरलेला असायचा. एक हात बाईच्या गळ्याभोवती, एक जहाजाच्या डोलकाठीभोवती, एक खजिन्याच्या पेटीवर. वर्तमानपत्रातल्या व्यंगचित्रात साठेबाजाला दाखवायचं असलं की त्यालाही आठ हात फुटायचे. मुलांच्या गोष्टीतसुद्धा तो होडी गिळायलाच यायचा. म्हणजे लहानांचं पुस्तक असो की मोठ्यांचं, तो येताना घाण घेऊन यायचा, आणि सुलेखाबाईंच्या मते ते बरोबर होतं. जे जसं आहे तसं दाखवलेलं होतं.

आता काय झालं होतं कुणास ठाऊक. मुलांच्या नव्या पुस्तकांत ऑक्टोपसला पापण्या आल्या होत्या. गालांवर गुलाबी ठिपके, डोक्यावर टोपी, आठही हातांनी मित्रांना मिठ्या. मोठ्यांच्या पुस्तकांनीही तेच आरंभलं होतं. त्याला तीन हृदयं असतात, तो बरणीचं झाकण उघडतो, त्याची आई अंडी राखत उपाशी मरून जाते. वाचनालयातल्या एक प्राध्यापक बाई असलं एक जाडजूड पुस्तक डोळे पुसत त्यांना देऊन गेल्या होत्या. सुलेखाबाईंनी चार पानं वाचली आणि परत केलं. उकिरड्यावरची वस्तू धुऊन पाहुण्यांसमोर बशीत आणावी, तसं त्यांना ते वाटलं.

वाचनालय क्रांती चौकाच्या मागच्या एका गल्लीत आहे. त्याचा बालविभाग सुलेखाबाईंनी छत्तीस वर्षांपूर्वी सुरू केला, पत्र्याच्या दोन पेट्यांतल्या पुस्तकांवर, जिथे आधी रद्दी ठेवत त्या मागच्या खोलीत. पगार कधी घेतला नाही. नवरा गेला, मुलगा पुण्याला गेला, पण चार वाजले की त्या खोलीचं कुलूप त्यांच्याच हातून उघडायचं. पाच मुलं आली काय आणि पन्नास आली काय. गेली दोन वर्षं कार्यवाह राजकुमार कुलथे यांचा त्या खोलीवर डोळा होता. त्यांना तिथे स्पर्धा परीक्षांची अभ्यासिका काढायची होती, आणि बाई आता थकल्या असं ते सगळ्यांना सांगत असत, अगदी आपुलकीने.

बालविभागाची एक रीत होती, तीही सुलेखाबाईंनीच घालून दिलेली. मुलांची पुस्तकं म्हणजे सोळा नाहीतर बत्तीस पानं, मध्ये दोन पिना. पोरांच्या हातात दोन महिने टिकत नाहीत. म्हणून त्या जनावरांनुसार गठ्ठे करायच्या आणि एकेका गठ्ठ्याला एक पुठ्ठा घालून घ्यायच्या. हत्तीची सगळी एकत्र, माकडाची एकत्र, उंदीर-मांजराची एकत्र. पोरं पुस्तकाचं नाव घेऊन येतच नसत. "हत्तीचं द्या," "वाघाचं द्या," असंच मागत. पाठीवर चित्राचा तुकडा चिकटवलेला असे, म्हणजे वाचता न येणाऱ्यालाही आपलं पुस्तक काढता यावं.

हे गठ्ठे बांधायचे खुलताबादचे गयासभाई. सत्तरीचा माणूस, तीस वर्षं हेच काम. एसटीने यायचे, गठ्ठे पोत्यात घालून न्यायचे आणि महिन्याने खळीच्या वासासकट परत आणायचे. सातवीपर्यंत मराठी शाळेत शिकलेले होते, आणि त्यांना एक खोड होती. शिवण्याआधी ते प्रत्येक पुस्तक वाचून काढत. "बाई, सशाच्या पुस्तकात बारावं पान दोनदा आलंय, एक निकाल दिया," असं सांगत. कधी छापण्यातल्या चुका पेन्सिलीने दुरुस्त करून आणत, आणि त्या दुरुस्त्या बरोबर असत.

गेल्या दिवाळीत एका वकिलांच्या घरून पुस्तकांची दोन पोती देणगी आली. वकील वारले होते, सुनेला कपाट रिकामं करायचं होतं. एका दुपारी सुलेखाबाई निवडायला बसल्या. नातवंडांची पुस्तकं आणि म्हाताऱ्याची पुस्तकं एकमेकांत कालवलेली होती. ऑक्टोपसची तीन निघाली, पापण्यावाली. त्यांनी ती पट्टीच्या टोकाने एका बाजूला सारली. मग त्याच आकाराचं एक चौथं निघालं, तपकिरी झालेलं. वर गुंडाळलेला एक हात आणि त्यावरच्या वाट्या एवढंच त्यांना दिसलं. त्यांनी ते पट्टीनेच पालथं केलं, बाकीच्या तिन्हींवर ढकललं, वर चिठ्ठी ठेवली आणि मान वळवून सुतळी बांधली.

आठवड्याने गयासभाईंचा फोन आला. सुलेखाबाई ताट वाढून घेऊन नुकत्याच बसल्या होत्या.

"बाई, वो आठ हातवाले के गठ्ठे में एक जुनं पुस्तक आहे. अक्षर लई बारीक. जरा वेगळंच दिसतंय मेरेकू. ये भी साथमेंच बांधू?"

"त्याच जनावराचं आहे ना?"

"जनावर तो वहीच है."

"मग बांधा एकत्र. आणि परत त्याच्याबद्दल विचारू नका गयासभाई, जेवायला बसलेय मी."

ते हसले आणि त्यांनी फोन ठेवला. पुस्तक बांधून आलं. सुलेखाबाईंनी पाठीवरच्या चित्राकडे न बघता नोंद केली आणि ते सगळ्यात खालच्या फळीवर लावून टाकलं.

फेब्रुवारीतल्या एका सोमवारी संस्कृतीचे वडील ते पुस्तक घेऊन आले. संस्कृती चौथीतली मुलगी, नेमाने येणारी, दोन दिवसांत पुस्तक संपवून तिसऱ्या दिवशी दारात हजर. वडील विश्वजीत, मूळचे करमाडचे, शेंद्र्याला कंपनीत कामाला. त्यांना सुलेखाबाई ओळखत होत्या त्या दर रविवारी मोटारसायकल बाहेर उभी करून पोरीची वाट बघणारा माणूस म्हणून. आज ते आत आले, पोरीला बाकावर बसवलं, पुस्तक टेबलावर ठेवून मधोमध उघडलं. ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं.

"बाई, हे वाचा. मोठ्यानं वाचा."

सुलेखाबाईंनी त्या दिवशी ते पान पहिल्यांदा पाहिलं. डाव्या हाताला पापण्यावाल्या ऑक्टोपसची गोष्ट संपत होती. फुटक्या मडक्यात त्याला घर मिळालं होतं आणि तो निळा होऊन झोपला होता. उजव्या हाताला, पिवळ्या कागदावर, 'तळघरातले आठ हात' नावाची रहस्यकथा सुरू होत होती. कुणी एक डॉक्टर होता, तळघरात हौद होता आणि हौदात ऑक्टोपस होता. दगाबाज साथीदाराला कप्पीने हौदात सोडलेलं होतं. त्याला वर ओढलं तेव्हा त्याची कातडी कुठे राहिली आणि कुठे नाही, हे लेखकाने चवीने लिहिलं होतं, जिलबी वाढल्यासारखं. सुलेखाबाई तिसऱ्या ओळीवर थांबल्या. त्यांचा हात पदराकडे गेला.

विश्वजीत सांगत होते ते एवढंच. चार दिवस झाले, पोरगी धिरडं खात नाही. धिरड्याला जाळी पडलेली दिसली की ओकते. भाताच्या शितांकडेही उलटून-पालटून बघते. न्हाणीघरात भिंतीला रबरी वाटीचा खुंटा होता, तो काढून टाकावा लागला. आई रडते. डॉक्टरकडे नेलं तर ते म्हणाले, काही झालं नाही, फक्त काय वाचलं ते विचारा.

सुलेखाबाई उठून बाकापाशी गेल्या. पोरीने कुठपर्यंत वाचलं, असं त्यांनी विचारलं. तिने सगळं वाचलं होतं. शेवटच्या पानापर्यंत. ती काही घाबरलेली दिसत नव्हती. बराच विचार करून थकलेली दिसत होती.

"लहान होता तेव्हा चांगला होता तो," ती म्हणाली. "मडक्यात राहायचा. मग त्याला हौदात ठेवलं, आणि मोठा झाल्यावर असा झाला." मग जरा थांबून तिने विचारलं, "सगळेच होतात का, आजी?"

तिने दोन्ही मिळून एकच गोष्ट वाचली होती. पुठ्ठा एक होता, मग गोष्टी दोन कशा असतील? तेवढ्यात आवाज ऐकून राजकुमार पुढच्या दालनातून आले. त्यांनी पान पाहिलं, जीभ चावली, विश्वजीतना खुर्ची दिली, पाणी मागवलं, आणि कुणी काही विचारायच्या आत म्हणाले, "बाइंडरचा घोळ आहे हा. त्याला कुठं मराठी वाचता येतं. चित्र बघितलं असेल आणि दिलं असेल ठोकून."

सुलेखाबाईंनी तोंड उघडलं. ते उघडंच राहिलं थोडा वेळ, आणि मग मिटलं.

"कोण आहे बाइंडर?" विश्वजीतनी विचारलं.

"आहे एक. खुलताबादचा. गयास म्हणून."

"म्हंजी मुद्दाम केलं का काय?"

राजकुमार हो म्हणाले नाहीत, नाहीही म्हणाले नाहीत. त्यांनी भुवया वर केल्या आणि खांदे उडवले. तेवढं पुरलं. संध्याकाळपर्यंत त्या पानाचा फोटो कॉलनीच्या ग्रुपवर होता, खाली गयासभाईंचं नाव आणि 'आपल्या लेकरांच्या पुस्तकात ह्या लोकांनी काय घुसवलंय बघा' असा मजकूर. ग्रुपमध्ये दोनशेवर माणसं होती, सुलेखाबाईही होत्या. त्या चष्मा लावून खालचे शेरे वाचत गेल्या. ज्यांनी आयुष्यात मुलांना एक पुस्तक विकत घेऊन दिलं नाही ते लिहीत होते. ज्यांच्या मुलांची पुस्तकं गयासभाईंनी शिवली होती तेही लिहीत होते. सुलेखाबाईंच्या जिभेच्या मुळाशी ते ओळखीचं पाणी सुटलं. हे काय घाण आहे, असं त्या स्वतःशीच म्हणाल्या, आणि त्याच क्षणी त्यांच्या मनात आलं की आपल्याला अजून कुणी काही विचारलेलं नाही.

गणित सरळ होतं आणि ते त्यांनी त्याच रात्री मांडून पाहिलं. शुक्रवारी कार्यकारिणीची बैठक होती. चूक आपली म्हणून सांगितलं तर खोली जाणार, राजकुमारांना हवं ते आयतं हातात पडणार, आणि चार वाजता कुठे जायचं हा प्रश्न उरणार. सांगितलं नाही तर गयासभाईंचं काम जाणार आणि नावही. फोनचं माहीत होतं ते दोघांनाच. मंगळवारी त्या गप्प राहिल्या. बुधवारीही राहिल्या. दोन्ही दिवस खोली उघडली, दोन्ही दिवस पोरं आली, कुणाला हत्तीचं दिलं, कुणाला माकडाचं, आणि नेहमीपेक्षा जरा जास्तच गोड बोलून दिलं.

गुरुवारी त्या खुलताबादच्या एसटीत बसल्या. बाहेरून कळण्याआधी आपणच गयासभाईंच्या कानावर घालावं म्हणून निघालो, असं त्यांनी शेजारच्या बाईला सांगितलं, आणि दौलताबादचा घाट चढेपर्यंत त्यांना ते खरंही वाटत होतं.

गयासभाई ओसरीवर बसून शाळेचं हजेरीबुक शिवत होते. बाजूला खळीचं पातेलं, किडा लागू नये म्हणून मोरचूद घातल्यामुळे हिरवट झालेली खळ. त्यांना सगळं आधीच कळलेलं होतं. सकाळी एका हेडमास्तरांचा फोन येऊन गेला होता, बाकीची हजेरीबुकं नेऊ नका म्हणून. शिवत होते ते शेवटचं. त्यांची बायको कमरुन्निसा हिने चहा आणला आणि बाई इतक्या लांब कशाला आल्या, असं विचारलं. सुलेखाबाईंनी मजकुराबद्दल वाईट वाटल्याचं सांगितलं, पोरगी बरी होईल म्हणून सांगितलं, खोलीबद्दलही सांगितलं. मग कप खाली ठेवून, पदर सारखा करत, अगदी सहज आठवल्यासारखं विचारलं, "गयासभाई, त्या पुस्तकाबद्दल तुम्ही मला फोन केला होता का हो? माझ्या काही लक्षात नाही."

गयासभाईंचा हात दोऱ्यावर थांबला. त्यांनी वर बघितलं. चष्म्याच्या वरून, बराच वेळ.

"याद नहीं बाई," ते म्हणाले. "दिवसातून धा लोकांना फोन लावतो मी."

"इनको याद नहीं?" कमरुन्निसा दारातूनच म्हणाली. "मेरी शादी के जोडे को कौन से रंग का धागा लगाया था, वो तक याद है इनको. आज ही भूले."

"तू आत जा," गयासभाई म्हणाले. आवाज चढवला नाही. ती आत गेली, पण जाताना सुलेखाबाईंकडे बघून गेली.

सुलेखाबाईंना कळलं. माणसाने त्यांना मोकळं केलं होतं. तीस वर्षांच्या ओळखीखातर, म्हाताऱ्या बाईची खोली राहावी म्हणून, त्याने स्वतःची आठवण, म्हणजे आपल्या बाजूचा एकमेव साक्षीदार, मारून टाकला होता. आणि हे कळल्याबरोबर त्यांच्या छातीतून जे सुटलं ते रडू नव्हतं. हायसं वाटलं त्यांना. कोमट, गोडसर, घाणेरडं असं हायसं. त्या बसल्या जागी दचकल्या. उठताना आधार घ्यायला हात टेकला तो पातेल्याच्या काठावर पडला, आणि तळहाताला खळ चिकटली.

परतीच्या एसटीत त्या तो हात रुमालाने पुसत राहिल्या. खळ केव्हाच निघून गेली होती. हर्णैच्या कोळणीने मनगटावर ठेवलेलं जनावर निदान आपल्या भुकेपुरतं धरत होतं. त्याला कुणाची खोली नको होती. ओसरीवर बसून, पदर सारखा करत, याद आहे का म्हणून विचारणारी बाई त्याच्यापेक्षा फार घाण होती, आणि तिच्याकडे पट्टीने ढकलून पालथं करण्याची सोय नव्हती. लहान असताना आपण कशा होतो, असं त्यांच्या मनात आलं. पोरीने विचारलेलं त्यांना बसच्या खिडकीशी ऐकू आलं. सगळेच होतात का, आजी.

शुक्रवारी चार वाजता बैठक भरली. पाच सभासद, राजकुमार, सुलेखाबाई, आणि पालकांच्या वतीने विश्वजीतना बोलावलेलं. चहा झाला. राजकुमारांनी ठराव आधीच लिहून आणला होता. सदर बाइंडरकडील काम तत्काळ बंद करण्यात यावं, पालकांना दिलगिरीचं पत्र द्यावं, यापुढे बांधणीचं काम 'योग्य व्यक्तीला' द्यावं. वाचून झाल्यावर त्यांनी सगळ्यांकडे बघितलं आणि सही करायला पेन पुढे केलं.

"थांबा," सुलेखाबाई म्हणाल्या. "बांधायच्या आधी त्यांचा मला फोन आला होता. हे पुस्तक वेगळं दिसतंय, बांधू का, असं विचारलं त्यांनी. मी बांधा म्हणाले."

राजकुमारांनी पेन मागे घेतलं आणि हसून, समजुतीच्या आवाजात म्हणाले की बाईंच्या मनाला फार लागलंय, या वयात असं होतं, न झालेलं झाल्यासारखं वाटतं. विषय मिटतोय तर मिटू द्यावा.

"गठ्ठाही मीच केला. त्यांना मराठी येतं, राजकुमार. तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त वाचतात ते. तुम्ही सोमवारी त्यांना वाचता येत नाही म्हणालात तेव्हा मला ठाऊक होतं, आणि मी गप्प बसले."

राजकुमारांचा चेहरा पडला, पण क्षणभरच. मग त्यांच्या डोळ्यांत खोली दिसायला लागली, हे सुलेखाबाईंनी समोरासमोर पाहिलं. त्यांनी नवा कागद घेतला आणि बोलत बोलत लिहायला सुरुवात केली. बालविभागप्रमुखांकडून नजरचुकीने सदर पुस्तक...

"नजरचुकीने नाही."

"मग काय लिहू?"

"मला त्या चित्राची किळस आली, म्हणून मी पुस्तक उघडून बघितलं नाही. फोन आला तेव्हाही किळस आली म्हणून ऐकून घेतलं नाही. असं लिहा."

"बाई, इतिवृत्तात किळस वगैरे शब्द नसतात."

सुलेखाबाईंनी त्यांच्या हातातून कागद घेतला आणि स्वतःच्या अक्षरात ते दोन वाक्यांत लिहून खाली सही केली. मग पिशवीतून खोलीची किल्ली काढून कागदावर ठेवली. कुणी नको म्हणालं नाही. एक सभासद खिडकीबाहेर बघत होते, एकांनी चहाचा रिकामा कप पुन्हा तोंडाला लावला. राजकुमार म्हणाले की ठीक आहे, पण एवढा बोभाटा झाल्यावर बाइंडर तोच ठेवणं संस्थेला अवघड जाईल, ते पुढच्या बैठकीत बघू. गयासभाईंचं काम वाचवणं सुलेखाबाईंच्या हातात नव्हतं. त्यांचं नाव वाचवणं होतं, निदान निम्मं.

इतका वेळ विश्वजीत गुडघ्यावर हात ठेवून बसले होते. आता ते बोलले.

"बाई, सोमवारी तुम्हाला ठाव होतं. आज शुक्रवार. चार दिवस काय करत होत्या तुम्ही?"

"गप्प होते."

"का बरं?"

"खोली जाईल म्हणून."

विश्वजीतनी त्यांच्याकडे पाहिलं. भाजीत केस निघाल्यावर माणूस बघतो तसं. सुलेखाबाईंनी नजर खाली केली नाही. ती नजर त्यांच्या ओळखीची होती, आजवर त्यांनी ती दुसरीकडे टाकलेली होती एवढंच.

संस्कृतीला आपण येऊन समजावून सांगू का, असं त्यांनी विचारलं. दोन्ही पुस्तकं वेगळी होती, लहानाचा मोठा असा झालेला नाही, हे आपल्या तोंडून सांगावं असं त्यांना वाटत होतं. विश्वजीत नाय म्हणाले. घरी नका येऊ, मी सांगतो तिला. मग बसल्या बसल्या त्यांचा चेहरा लाल होत गेला. त्या फोटोखालचं गयासभाईंचं नाव त्यांनीच टाकलं होतं, दोनशे माणसांत.

त्यांनी खिशातून मोबाइल काढला. एका बोटाने, शब्द शब्द तोंडाने म्हणत ते लिहू लागले. "पुस्तकाची चूक... बाइंडिंगवाल्या गयासभाईंची नव्हती. त्यांनी आधी विचारलं होतं. मी माहिती न घेता लिहिलं... माझं चुकलं. चूक वाचनालयातल्या बाईंची होती." ते थांबले. बोट वर उचललेलं तसंच होतं. त्यांनी मान वर केली.

"नाव टाकू का तुमचं?"

राजकुमार घाईने म्हणाले की नावाची काय गरज, संस्थेचीच बदनामी होते.

"टाका," सुलेखाबाई म्हणाल्या. "आडनावासकट."

विश्वजीतनी नाव टाकलं. टेबलाभोवतीचे मोबाइल एकामागून एक वाजले, आणि सगळ्यात शेवटी सुलेखाबाईंच्या पिशवीतला.